दर्या कोरड्या दिवशी का चढतो?

वारा पडलेला, पाऊस नाही, आभाळात फार तर चार ढग. आणि तरी पाणी पुळण ओलांडून माडांच्या मुळाशी आलेलं. देवबाग-तारकर्लीपासून तळाशील-तोंडवळीपर्यंत मालवणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही हे कोडं ओळखीचं आहे. "वादळ खय आसा, आणि पाणी खय इला!" असं म्हणत माणसं रापणीच्या होड्या वर ओढतात.

या कोड्याची दोन ठळक उदाहरणं शेजारी ठेवून बघू. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी नावाचं चक्रीवादळ कन्याकुमारी आणि लक्षद्वीपला झोडपून अरबी समुद्रातून वर सरकत होतं. मालवणपासून ते काही शे किलोमीटर दूर होतं, आणि गुजरातपर्यंत पोचता पोचता विरूनही गेलं. पण ३ आणि ४ डिसेंबरला मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर पाणी चढलं. दुसरं उदाहरण मे २०२१ चं तौक्ते. ते कितीतरी जास्त ताकदीचं होतं आणि १६ मेच्या सुमारास आपल्या किनाऱ्याच्या कितीतरी जवळून गेलं. समुद्र तेव्हाही खवळला, देवगडच्या आनंदवाडी बंदरात बोटी बुडून माणसं गेली. तरी सिंधुदुर्गातल्या घराघरांत तौक्तेची जी आठवण निघते ती वाऱ्याची असते: आडवे झालेले आंबे-फणस, उडालेले पत्रे, वाकलेले विजेचे खांब, पुढचे कित्येक दिवस अंधार.

लांबच्या वादळाने पाणी आणलं, जवळच्याने झाडं पाडली. असं का?

लाट वादळाच्या पुढे धावते

समुद्रावर लाट केवढी उठणार हे तीन गोष्टींवर ठरतं: वारा किती जोराचा, तो किती वेळ एकाच दिशेने वाहिला, आणि किती अंतरावरून वाहत आला. चक्रीवादळात तिन्ही गोष्टी जमून येतात. त्यातही वादळ ज्या दिशेला सरकत असतं त्याच दिशेला निघालेल्या लाटांना वारा सोडत नाही, मागून ढकलतच राहतो. अशा लाटा लांबलचक होतात.

लाटेची लांबी म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर. नेहमीच्या वाऱ्याने उठणाऱ्या लाटा साधारण सहा सेकंदांना एक अशा येतात आणि त्यांची लांबी पन्नास-पंचावन्न मीटर असते. वादळात तयार झालेल्या लाटा चौदा सेकंदांना एक अशा येऊ शकतात, आणि तेव्हा त्यांची लांबी भरते जवळजवळ ३०० मीटर. खोल पाण्यात जेवढी लाट लांब तेवढा तिचा वेग जास्त. चौदा सेकंदांच्या लाटेचा माथा ताशी जवळपास ८० किलोमीटरने धावतो. लाटांचा अख्खा जथा मात्र त्याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकतो, कारण जथ्यातली पुढची लाट विरत जाते आणि मागून नवी उभी राहते. निम्मा वेग म्हणजे ताशी ४० किलोमीटर. चक्रीवादळ स्वतः सहसा ताशी दहा-वीस किलोमीटरनेच सरकतं. म्हणजे ५०० किलोमीटरवर वादळ असेल तर त्याच्या लांब लाटा बारा-तेरा तासांत किनाऱ्याला लागतात, आणि वादळ तोवर फार तर अर्ध्या वाटेवर, किंवा भलत्याच दिशेला वळलेलं.

आंगणेवाडीच्या जत्रेतून रात्री माणसं परतायला लागतात तेव्हा देवळाजवळ सगळ्यांची एकच गर्दी असते. मोटारसायकली, एसट्या, टेंपो, चालणारे, सगळे एकमेकांत अडकलेले. पण कणकवलीच्या नाक्यावर उभं राहून बघा. तिथे आधी फक्त मोटारसायकली येतात, मग गाड्या, मग एसट्या, आणि पायी निघालेले तिथवर येतच नाहीत, वाटेत आपापल्या वाडीला वळतात. वादळाच्या पोटात समुद्र असाच सगळ्या मापांच्या लाटांनी गोंधळलेला असतो. अंतर कापता कापता लाटांची निवड होते. आखूड लाटा वाटेत विरतात, लांब लाटा सर्वांत आधी येतात, आणि एकसारख्या रांगेत येतात. म्हणून वाऱ्याचा पत्ता नसताना समुद्र मोठ्या शिस्तीत, सावकाश, पण भलत्याच जोराने फुटताना दिसतो. तटावर बसून एखाद्या खडकावर फुटणाऱ्या दोन लाटांमधले सेकंद मोजले तर हे स्वतःला तपासता येतं. बारा किंवा त्याहून जास्त सेकंद भरले की ती लाट इथल्या वाऱ्याची नाही, लांबून आलेली आहे.

अशा लाटेची आणखी एक खोड आहे. खोल समुद्रात ती दीड-दोन मीटर उंच असली तरी ३०० मीटरच्या लांबीत तो चढ इतका हलका असतो की होडीतल्या माणसाला तो जेमतेम जाणवतो. लाटेची हालचाल तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत पोचते. पन्नास मीटरच्या लाटेला समुद्राचा तळ लागतो तो पंचवीस मीटर खोलीवर, किनाऱ्याजवळ. ३०० मीटरच्या लाटेला तळ १५० मीटर खोलीवरच लागायला सुरुवात होते. तळ लागला की वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं आणि लाट उभी राहते. शिवाय प्रत्येक लाटेत पाण्याचा साठा फार मोठा. ती फुटल्यावर ते पाणी मागे ओसरायच्या आत पुढची लाट येते, आणि किनाऱ्यालगतच्या पाण्याची पातळीच काही काळ वर राहते. होडी शाकारलेली जागा नेहमीच्या लाटेला कधीच लागत नव्हती, ती या दिवशी लागते याचं कारण हेच.

पंचांगातलं उधाण

लाट कशी आली ते कळलं. पण ती कशावर चढून आली?

भरती-ओहोटी चंद्र आणि सूर्य मिळून घडवतात. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते, म्हणून भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त खाली जाते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ एकमेकांना काटकोनात असते, भरती बेताची राहते. तो भांग. उधाणाचा जोर तिथीच्या दिवसापेक्षा एक-दोन दिवस उशिरा शिगेला जातो. मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, मालवणकडे तो साधारण निम्म्यावर येतो. पण देवबागसारख्या सखल वाळूच्या पट्टीला अर्धा मीटरही पुष्कळ होतो.

आता वादळांच्या तारखा पंचांगाशी लावून बघा. ३ डिसेंबर २०१७ ला दत्तजयंती होती, मार्गशीर्ष पौर्णिमा. तीही साधी नाही: चंद्र त्या वेळी पृथ्वीच्या जवळ आलेला होता, ज्याला वर्तमानपत्रांनी 'सुपरमून' म्हटलं. ओखीच्या लाटा नेमक्या वर्षातल्या मोठ्या उधाणावर चढून आल्या. ऑक्टोबर २०१९ चं क्यार घ्या. २५ तारखेला ते रत्नागिरीपासून साधारण दोनशे किलोमीटरवर होतं, मग पश्चिमेला वळून ओमानच्या दिशेने निघालं आणि वाटेत महाचक्रीवादळ बनलं. २००७ च्या गोनूनंतर अरबी समुद्रात एवढं मोठं वादळ झालं नव्हतं. २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं, म्हणजे आश्विन अमावास्या. ऐन दिवाळीत किनाऱ्यावर पाणी आणि शेतात आडवं झालेलं भात, अशी ती दिवाळी गेली. आणि तौक्ते? १४ मे २०२१ ला अक्षय्य तृतीया होती. १६ तारखेला उधाण ओसरून भांग लागायला आला होता. लाटा मोठ्याच होत्या, पण त्यांच्या पायाखालचं पाणी खाली होतं.

या तीन प्रसंगांवरून नियम काढू नये, एवढं मान्य. वादळाची दिशा, वेग, तळाचा उतार, सगळंच मोजावं लागतं. पण पाणी कधी येईल याचा अंदाज घेताना आपण नकाशावर वादळाचं अंतर बघत बसतो आणि भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बघत नाही, हे मला उलटं वाटतं. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट. पंधरवड्यातली चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही. मुंबईपेक्षा मालवणला भरती थोडी आधी लागते, पण घरातली माणसं आणि सामान कधी हलवायचं हे ठरवायला एवढा हिशेब पुरतो.

वादळाचा हवेचा दाबही पाणी उचलतो, पण त्याचा वाटा लहान असतो. दाब एका मिलीबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर फुगतो. वादळाच्या मध्याशी हा फुगवटा अर्ध्या मीटरच्या पुढे जाऊ शकतो, दोनशे किलोमीटरवर तो किरकोळ उरतो.

वारा पाठीवर घ्या

आपल्या गोलार्धात चक्रीवादळ घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतं. त्यामुळे मोकळ्या जागी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहिलं की वादळाचा मध्य डाव्या हाताला, किंचित पुढे असतो. आपल्या पश्चिमेला वादळ असेल तर मालवणात वारा दक्षिणेकडून, थोडासा जमिनीकडून येतो. ते उत्तरेला सरकलं की वारा फिरून नैर्ऋत्येचा, मग पश्चिमेचा होतो, म्हणजे थेट समुद्राकडून. तौक्तेत काही झाडं एका बाजूला आणि काही दुसऱ्याच बाजूला पडलेली दिसली, त्यामागे हे वाऱ्याचं फिरणं होतं. एका वाऱ्याने सैल झालेलं मूळ दुसऱ्याला पुरत नाही. जांभ्यावर मातीचा थर पातळ, मुळं आडवी पसरलेली, आणि माती पावसाने भिजलेली.

अरबी समुद्रातली बरीच वादळं किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे जातात, आणि तेव्हा मालवण त्यांच्या उजव्या हाताला येतं. उजवी बाजू जास्त वाईट, कारण तिथे फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग मिळवला जातो. 'वादळ बाजूने जाणार आहे' या बातमीने आपण सुटकेचा श्वास टाकतो, पण ती बाजू कोणती हे विचारायला हवं. बंदरातल्या बावट्यांच्या आकड्यांमध्ये हा डावा-उजवा फरक कितीतरी आधीपासून आहे.

चौकट: बंदरावरचा बावटा काय सांगतो

१ आणि २: वादळी हवामान दूर समुद्रात आहे. इशारा बंदर सोडून निघणाऱ्यांसाठी.
३: बंदरालाच वादळी वाऱ्याचा तडाखा बसू शकतो. आपल्याकडे सर्वांत जास्त ऐकू येणारा बावटा.
४: चक्रीवादळाचा बंदराला पुढे धोका होऊ शकतो.
५, ६, ७: धोका. पाच म्हणजे बंदर वादळाच्या मार्गाच्या डावीकडे राहील, सहा म्हणजे उजवीकडे, सात म्हणजे वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल.
८, ९, १०: तोच डावा, उजवा, थेट असा क्रम, पण वादळ फार तीव्र.
११: हवामान केंद्राशी संपर्क तुटला आहे.
दिवसा डोलकाठीवर काळ्या आकृत्या, रात्री लाल-पांढरे दिवे.

तीन नंबरचा बावटा पावसाळ्यात इतक्या वेळा लागतो की त्याचं कुणाला काही वाटेनासं होतं. पण चक्रीवादळांचे महिने पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे असतात: एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात समुद्रालगत वारे एका दिशेला आणि उंचावर उलट्या दिशेला जोरात वाहतात, त्यामुळे उभं राहू पाहणारं वादळ मधूनच कातरलं जातं. मासेमारी बंद असते ती १ जून ते ३१ जुलै. म्हणजे बहुतेक वादळं येतात तेव्हा बोटी समुद्रात असतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान आलं ते असंच, भर हंगामात. ओखीच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी आणि सुमारे साडेनऊशे मच्छीमार आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला आसऱ्याला आले होते. खोल समुद्रात मोबाईल पोचत नाही, इशारा मिळेपर्यंत घरापेक्षा परकं बंदर जवळ झालेलं असतं.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये जुन्या नोंदी ताडून बघितल्या. १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. एकट्या २०१९ मध्ये पाच झाली. समुद्राचं वरचं पाणी तापतंय, आणि वादळाचं जळण तेच आहे.

दगड की वाळू

लाट आणि भरती आपल्या हातात नाहीत. तिसरी गोष्ट थोडीफार आहे: वाळू.

मालवण शहरासमोर समुद्रात खडकांची माळ आहे. शिवरायांनी १६६४ मध्ये ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला ते याच माळेतलं. हे खडक लाटेचा जोर बाहेरच मोडतात. दक्षिणेला देवबागेत असं काही नाही. देवबाग ही एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी यांच्या मधली निमुळती वाळूची जीभ. नदीने आणलेली आणि लाटांनी रचलेली ही वाळू मुळातच फिरती आहे. पावसाळ्यात मोठ्या लाटा ती ओढून जरा आत, पाण्याखालच्या दांड्यावर नेऊन टाकतात. मग मोठी लाट त्या दांड्यावरच फुटते, म्हणजे वाहून गेलेली वाळूच किनाऱ्याची राखण करते. हिवाळ्यातल्या मंद लाटा ती परत आणून घालतात. ऑगस्टमधली चिंचोळी पुळण फेब्रुवारीत रुंद दिसते ती त्यामुळे.

इथे दगडी धूपप्रतिबंधक बंधारा घातला की लाट त्यावर आपटते, परत फिरते आणि जाताना बंधाऱ्याच्या पायातली वाळू उकरून नेते. बंधाऱ्यामागचं घर वाचतं, समोरची पुळण खचत जाते. बंधारा जिथे संपतो तिथे पाणी वळसा घालून शेजाऱ्याच्या जमिनीत शिरतं, मग शेजारी बंधारा मागतो. मागणी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही, पायरीला पाणी लागलेल्या माणसाला दुसरा पर्यायच ठेवलेला नाही. पण दर पावसाळ्यानंतर आणखी दगड टाकायचे, ही काही योजना नव्हे.

नेदरलँड्सचं उदाहरण इथे कामाचं आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातलं वादळ आणि पौर्णिमेचं उधाण तिथे एकत्र आलं, बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर त्या देशाने प्रचंड दरवाजे आणि धरणं उभारली, ती जगप्रसिद्ध आहेत. त्यापुढचं कमी माहीत असतं. २०११ मध्ये हेग शहराजवळ त्यांनी भिंत वाढवण्याऐवजी सुमारे २.१५ कोटी घनमीटर वाळू समुद्रातून काढून किनाऱ्याला एकाच ठिकाणी ओतली आणि ती पसरवायचं काम लाटांवर सोपवलं. तेवढा पैसा आपल्याकडे नाही, आपल्या पावसाळी लाटाही वेगळ्या. पण निदान उलटं तरी करू नये. खाडीतून बेसुमार वाळू उपसायची आणि पलीकडच्या अंगाला वाळू कमी झाली म्हणून दगड घालायचे, हे एकाच तालुक्यात चालतं.

कांदळवन लावा, असा सल्ला बाहेरून सर्रास मिळतो. कांदळ खाडीच्या चिखलात, शांत पाण्यात वाढतो. कर्लीच्या अंगाला तो हवाच. उघड्या पुळणीवर त्याचं रोप पहिल्या उधाणाला जाईल. तिथे वाळू धरून ठेवते ती मर्यादवेल, आणि तिच्या मागे केतकी, उंडी. या वेलीखाली वाऱ्याची वाळू साठून उंचवटा तयार होतो. समुद्र दिसावा म्हणून पर्यटकांच्या खोल्यांसमोरचा तोच उंचवटा सपाट केला जातो.

भरती किती वाजता?

हैदराबादची महासागर माहिती सेवा संस्था, जिला सगळे 'इन्कॉइस' म्हणतात, ती किनाऱ्यावरच्या लाटांचा अंदाज रोज देते. रत्नागिरीजवळ समुद्रात तिचं लाटा मोजणारं तरंगतं यंत्र आहे. लाट किती उंच आणि किती सेकंदांची, हे दोन्ही त्यात असतं. हवामान खात्याचे आणि आपत्ती व्यवस्थापनाचे इशारे 'सचेत' या मोबाईल ॲपवरही येतात. म्हणजे माहिती आहे. ती गावात पोचते तेव्हा मात्र बहुतेक वेळा एकच वाक्य उरतं: समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी जाऊ नये.

देवबागच्या घराला त्याहून वेगळं काही हवं असतं. उद्या पौर्णिमा, भरती रात्री अकराच्या आसपास, लाटा चौदा सेकंदांच्या, नैर्ऋत्येकडून. एवढ्यावरून तिथलं कुणीही शहाणं माणूस पुढचं स्वतः ठरवेल: दुपारी सुकती असतानाच म्हाताऱ्यांना आणि गुरांना मालवणच्या बाजूला न्यायचं, कारण गावातून बाहेर पडायचा रस्ता त्याच वाळूच्या पट्टीवरून, समुद्राच्या बाजूबाजूने जातो. होड्या आणि जाळी कर्लीच्या अंगाला हलवायची. आणि वारा पडलेला आहे, आभाळ निवळलंय, म्हणून रात्रीची भरती ओसरायच्या आत कुणाला परत फिरू द्यायचं नाही.